भात कांडणारे आचार्य : हुइनेंग



वर्षावासात आपल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. वाचणारा पुढे बसतो, शिकलीसवरलेली मंडळी त्याच्यासमोर बसतात आणि मागच्या भिंतीला टेकून काही आयाबाया बसतात. गेल्या वर्षावासात त्यांच्यातल्या एका आजींना मी पुढे येऊन बसायला सांगितलं. त्या काही उठल्या नाहीत. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, पुढची जागा वाचणाऱ्यांची, असं त्यांचं म्हणणं पडलं. बोलून त्या मोकळ्या झाल्या, पण माझ्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. मीसुद्धा गिरणीत साच्यावर उभा राहणारा, पाळी सुटल्यावर रात्रशाळेत जाऊन शिकलेला माणूस. धम्म समजायला अक्षर लागतंच का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडीना.

उत्तर शोधता शोधता पुस्तकांतून मला एक माणूस भेटला. चीन देशातला, तेराशे वर्षांपूर्वीचा. नाव हुइनेंग. बाप लहानपणीच गेलेला, जंगलातलं सरपण बाजारात विकून आईला पोसणारा, एक अक्षर न येणारा हा माणूस पुढे चीनच्या बौद्ध परंपरेतला सहावा आचार्य मानला गेला. आज चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाममधले कोट्यवधी बौद्ध त्यांना गुरू मानतात. आपल्या वस्तीत मात्र त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानं त्यांचं चरित्र थोडक्यात सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हुइनेंग भिक्खू झाले तिथपासून त्यांना अहो-जाहो करायचं आणि लाकूडतोड्या होते तोवर अरे-तुरे, असं काही मी करणार नाही. गिरणीत आमच्याशी साहेब लोक अरे-तुरेनंच बोलत. ते ऐकायला कसं लागतं, ते मला ठाऊक आहे.

त्या काळचा चीन

हुइनेंग यांचा मोठेपणा कळायचा तर त्या काळचा चीन आधी थोडा समजून घ्यावा लागेल. चीनमध्ये तथागतांचा धम्म पोचण्याच्या कितीतरी आधीपासून मोठमोठे विचारवंत होऊन गेले. त्यातले पहिले मोठे नाव कन्फ्युशियस. त्यांचा काळ इ.स.पू. 551 ते 479 असा मानतात. बाप आणि मुलगा, राजा आणि प्रजा, थोरला आणि धाकटा भाऊ, प्रत्येकानं आपापलं कर्तव्य नीट केलं आणि माणूस अभ्यासानं सुसंस्कृत झाला, तर समाज सुरळीत चालतो, अशी त्यांची शिकवण. आई-बापांची सेवा हा तर त्यांच्या विचाराचा पाया. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी झालेल्या मेन्शियस यांनी त्यात भर घातली, की चांगुलपणाचं बी प्रत्येक माणसाच्या ठायी जन्मतःच असतं.

दुसरी परंपरा ताओ मताची. लाओत्से हे तिचे आद्य पुरुष मानले जातात. ताओ म्हणजे मार्ग. निसर्गाला धरून साधं राहावं, ओढूनताणून काही करू नये, पाण्यासारखं खालच्या जागी राहूनही सगळ्यांच्या उपयोगी पडावं, असा तो विचार. तिसरे मोत्से. ते युद्धाच्या विरोधात उभे राहिले आणि आपला-परका न करता सगळ्यांवर सारखं प्रेम करा, असं सांगत फिरले. त्यांची परंपरा पुढे टिकली नाही. याखेरीज कडक कायदा आणि शिक्षा यांवर राज्य चालवू पाहणारा एक पंथ होता. त्याच विचारावर छिन घराण्यानं इ.स.पू. 221 मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणला. पण जुलमाचं राज्य पंधरा वर्षांतच कोसळलं.

त्यानंतरच्या हान घराण्यानं कन्फ्युशियस यांच्या विचाराला राजाश्रय दिला. इ.स.पू. 124 मध्ये राजधानीत त्यांचे ग्रंथ शिकवणारं विद्यापीठ निघालं. पुढे त्याच ग्रंथांवर परीक्षा घेऊन सरकारी अधिकारी नेमायची पद्धत पडली. आता यातली गोम बघा. कन्फ्युशियस यांनी स्वतः गरिबाच्या मुलांनाही शिष्य केलं होतं. पण त्यांची विद्या सरकारदरबारी गेली आणि वरच्या थरातल्या घराण्यांच्या हाती अडकली. हुइनेंग ज्या तांग घराण्याच्या काळात जन्मले, त्या काळात व्यापारी आणि कारागीर यांच्या मुलांना परीक्षेला बसायचीच बंदी होती. आपल्याकडे जी मक्तेदारी जातीनं केली, तशीच थोडीफार तिथे घराण्यानं आणि धंद्यानं केली.

तथागतांचा धम्म चीनमध्ये पोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, व्यापारी रस्त्यांनी. तो तिथे सहजासहजी रुजला असं नाही. डोक्याचे केस काढायचे, आई-बापांना सोडून जायचं, लग्न करायचं नाही आणि सम्राटापुढे वाकायचं नाही, हे कन्फ्युशियसच्या अनुयायांना पटेना. त्यात हा धर्म परदेशातला. धम्माचे शब्द चिनी भाषेत आणायला पहिल्या भाषांतरकारांनी ताओ मताचेच शब्द उसने घेतले. मध्य आशियातले कुमारजीव यांनी इ.स. 400 नंतर संस्कृत ग्रंथांची सरस भाषांतरं केली, तेव्हा चित्र पालटलं.

ह्युएन त्संग आपल्याला माहीत आहेत. पुलकेशीच्या काळात ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि इथल्या विहारांची नोंद त्यांनी करून ठेवली. ते ग्रंथांचे ओझे घेऊन इ.स. 645 मध्ये चीनला परतले, तेव्हा दक्षिण चीनमध्ये हुइनेंग सात वर्षांचे पोर होते. एक त्या काळातला सर्वांत विद्वान भिक्खू आणि दुसरा निरक्षर सरपणवाला. चीनच्या बौद्ध परंपरेनं दोघांनाही डोक्यावर घेतलं, हे ध्यानात ठेवा.

सरपण विकणारा मुलगा

हुइनेंग यांची हकिकत मुख्यतः ‘मंचसूत्र’ नावाच्या ग्रंथात येते. मंचावर बसून त्यांनी दिलेलं प्रवचन, म्हणून हे नाव. त्यात सांगितलेली कथा अशी.

त्यांचा जन्म इ.स. 638 चा. आडनाव लू. वडील मूळचे उत्तरेकडचे सरकारी अधिकारी. त्यांना पदावरून उतरवून दूर दक्षिणेत, आजच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनझोउ भागात धाडलं गेलं. तो मुलूख तेव्हा रानटी लोकांचा समजला जाई. उत्तरेकडच्यांच्या लेखी तिथली माणसं म्हणजे माणसातच जमा नव्हती. वडील लवकर वारले. विधवा आई आणि लहान मुलगा हाल काढत राहिले. मुलगा मोठा झाला तसा जंगलातून लाकूडफाटा आणून बाजारात विकू लागला. शाळेचा प्रश्नच नव्हता.

एकदा एका गिऱ्हाइकाकडे मोळी टाकून, पैसे घेऊन हुइनेंग बाहेर पडले, तेव्हा दाराशी एक जण ग्रंथ मोठ्यानं वाचत होता. तो ग्रंथ होता वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र. मनानं कशालाही चिकटून राहू नये, असं त्याचं सार. ते शब्द कानावर पडले आणि हुइनेंग जागच्या जागी थांबले. वाचणाऱ्याला त्यांनी विचारलं, हे काय आहे, कुठून आणलं. उत्तरेला ह्वांगमेई इथे होंगरेन नावाचे आचार्य आहेत, त्यांच्याकडे हे शिकायला मिळतं, असं कळलं.

जाता जाता या सूत्राबद्दल एक माहिती देतो. जगातलं सर्वांत जुनं तारीख छापलेलं पुस्तक आज जे उपलब्ध आहे, ते याच सूत्राचं चिनी भाषांतर आहे. ते इ.स. 868 मध्ये लाकडी ठशांवरून छापलं गेलं. फुकट वाटण्यासाठी छापलं, असं त्याच्यावरच नोंदलेलं आहे.

पुढे अडचण आली ती आईची. म्हातारीला कोण पोसणार? कन्फ्युशियसच्या देशात आईला वाऱ्यावर सोडणं म्हणजे घोर पाप. ग्रंथात असं येतं, की कुणा भल्या माणसानं आईच्या पोटापाण्यासाठी चांदी दिली आणि आईची सोय लावूनच हुइनेंग निघाले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. धम्मासाठी घर सोडणारा माणूस घरच्यांची चूल विझवून निघाला नाही.

ह्वांगमेईचं कांडपघर

होंगरेन हे बोधिधर्मांच्या परंपरेतले पाचवे आचार्य. बोधिधर्म भारतातून, बहुतेक दक्षिण भारतातून, चीनला गेले असं परंपरा सांगते. त्यांच्या परंपरेला चीनमध्ये चान म्हणतात. चान हा आपल्या ‘ध्यान’ शब्दाचाच चिनी उच्चार आणि त्याचाच पुढे जपानमध्ये झेन झाला. होंगरेन यांच्या विहारात शेकडो भिक्खू होते आणि ते आपली कामं आपण करत.

दक्षिणेकडून आलेला फाटका तरुण समोर उभा राहिला, तेव्हा होंगरेन यांनी त्यांना सरळ टोचून विचारलं, की तू दक्षिणेतला रानटी माणूस, तू कसला बुद्ध होणार? हुइनेंग यांनी नम्रपणे पण न डगमगता उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा, की माणसं उत्तरेची आणि दक्षिणेची असू शकतील, पण बुद्ध होण्याची पात्रता अशी प्रांतवार वाटलेली नसते. आचार्य चमकले. पण इतरांच्या देखत त्यांनी काही दाखवलं नाही. कामाला जा, एवढंच सांगितलं.

हुइनेंग यांना लाकडं फोडायला आणि भात कांडायला कांडपघरात पाठवलं. तिथलं मुसळ पायानं दाबून चालवायचं असे. हुइनेंग अंगानं हलके, वजन पुरेना, म्हणून त्यांनी कमरेला दगड बांधून मुसळ दाबलं, असं परंपरा सांगते. आठ महिने ते कांडत राहिले. पुढे दिवाणखान्यात प्रवचनं चालत, पण कांडपघरातल्या माणसाला तिथे बोलावणं नव्हतं. भिक्खूसंघ झाला तरी माणसंच ती. तिथेही पुढची रांग आणि मागची रांग होतीच.

एक दिवस होंगरेन यांनी जाहीर केलं, की ज्याला जे उमगलं असेल ते त्यानं पद्यात लिहून दाखवावं, ज्याला खरं कळलंय त्याला मी पुढचा आचार्य करीन. सगळ्यांच्या नजरा शेनशिउ या वडीलधाऱ्या शिष्याकडे लागल्या. ते मोठे पंडित. शेनशिउ यांनी रात्री ओसरीच्या भिंतीवर आपलं पद्य लिहिलं. मन रोजच्या रोज घासूनपुसून स्वच्छ ठेवलं पाहिजे, असा त्याचा आशय. आचार्यांनी त्याचा मान ठेवला. पण खाजगीत शेनशिउंना सांगितलं, की तू दारापर्यंत आलास, आत अजून शिरला नाहीस.

एक पोरगं ते पद्य म्हणत कांडपघरावरून चाललं होतं. हुइनेंग यांनी ते ऐकलं, त्याच्याबरोबर भिंतीपाशी गेले आणि कुणाकडून तरी पुन्हा वाचून घेतलं. मग आपल्यालाही काही सांगायचंय म्हणाले. लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याला लिहायची विनंती केली. त्यांच्या पद्याचा आशय असा, की माणसाचं मूळ स्वरूप आधीपासूनच निर्मळ आहे. आपण घट्ट धरून बसलो तरच मळ चिकटतो. पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आचार्यांनी मात्र कुणी या मुलाला इजा करू नये म्हणून, यातही काही अर्थ नाही, असं सगळ्यांसमोर म्हटलं.

रात्री मात्र त्यांनी हुइनेंग यांना गुपचूप बोलावलं, वज्रच्छेदिका सूत्र समजावून दिलं आणि परंपरेचं चीवर त्यांच्या हवाली केलं. लगेच दक्षिणेला निघून जा, इथे तुझ्या जिवाला धोका आहे, असंही सांगितलं. म्हणजे ज्या माणसाला आचार्यपद मिळालं, त्याला रात्रीच्या अंधारात पळून जावं लागलं. मागून पाठलागही झाला. मग कित्येक वर्षं हुइनेंग शिकाऱ्यांच्या वस्तीत लपून राहिले. त्यांच्या मांसाच्या हंडीत कडेला पाला-भाजी शिजवून खाल्ली. संधी मिळेल तेव्हा जाळ्यातले जीव सोडून दिले.

प्रवचनकार हुइनेंग

इ.स. 676 मध्ये ते ग्वांगझोउ, म्हणजे जुन्या कँटन शहरात आले. तिथल्या विहारात प्रवचन चाललं होतं. वाऱ्यानं फडकणारा ध्वज पाहून दोन भिक्खूंचा वाद जुंपला, हलतोय तो वारा की ध्वज? हुइनेंग मध्ये पडले आणि हलतंय ते तुमचं मन, अशा अर्थाचं बोलले. हा साधा माणूस नव्हे, हे तिथल्या आचार्यांनी ओळखलं. चीवर दाखवल्यावर खातरी पटली. त्याच विहारात, भारतातून आणून लावलेल्या बोधिवृक्षाखाली, त्यांचं मुंडन होऊन रीतसर प्रव्रज्या झाली, अशी परंपरा आहे. म्हणजे आचार्यपद आधी आणि भिक्खूपद नंतर. ते विहार ग्वांगशिआओ या नावानं आजही ग्वांगझोउमध्ये आहे.

पुढची सगळी वर्षं त्यांनी शाओझोउजवळच्या त्साओशी इथल्या विहारात काढली. तिथल्या प्रांताधिकाऱ्यानं त्यांना शहरात बोलावून प्रवचन करायला लावलं. फाहाई नावाच्या शिष्यानं ते टिपून ठेवलं, तेच मंचसूत्र. चिनी भिक्खूच्या शिकवणीला ‘सूत्र’ हा मान मिळालेला हा एकच ग्रंथ मानतात. एरवी सूत्र म्हणजे तथागतांचीच वाणी.

त्यांनी सांगितलं काय? ध्यान आणि प्रज्ञा या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, दिवा आणि उजेड यांच्यासारखं त्यांचं नातं आहे. नुसतं डोळे मिटून दगडासारखं बसणं म्हणजे ध्यान नव्हे. विचार मनात येतीलच, पण कोणत्याही विचाराला बांधलं जाऊ नये. घरसंसार करणारा उपासकही घरी राहून मार्ग आचरू शकतो. विहारात राहून आचरण नसेल तर विहाराचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी परखडपणे सांगितली. पूर्वी चीनमध्ये लिआंग घराण्याचा वू नावाचा सम्राट होऊन गेला. त्यानं पुष्कळ विहार बांधले, दानं दिली. त्यानं त्याला पुण्य लागलं का, असं प्रांताधिकाऱ्यानं विचारलं. हुइनेंग यांनी नाही म्हणून सांगितलं. खरं पुण्य मन सरळ ठेवण्यात आणि दुसऱ्याला कमी न लेखण्यात असतं, इमारतीत नव्हे, असा त्याचा अर्थ. आपण विहाराचा वर्धापन दिन साजरा करतोय, फरशी बसवतोय, पंखे लावतोय, ते चांगलंच आहे. पण हे बोलणं कानाआड करू नये.

नंतरच्या प्रतींत एक सुंदर प्रसंग आहे. वूजिनझांग नावाची एक भिक्खूणी महापरिनिर्वाण सूत्राचा पाठ करत असे. हुइनेंग यांनी नुसतं ऐकून तिला त्याचा अर्थ उलगडून सांगितला. तिनं पोथी पुढे करून अक्षरं विचारली, तेव्हा अक्षरं मला येत नाहीत, अर्थ विचार, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. येत नाही ते येत नाही म्हणायला त्यांना लाज वाटली नाही.

राजदरबारातून बोलावणं आलं, तरी आजाराचं कारण सांगून ते गेले नाहीत, असं परंपरा सांगते. इ.स. 713 मध्ये आपल्या जन्मगावच्या भागातच त्यांचं निधन झालं. त्साओशीच्या विहारात, ज्याला आज नान्ह्वा म्हणतात, त्यांचा म्हणून जतन केलेला देह आजही दाखवतात. लोक दर्शनाला जातात. मला स्वतःला त्या देहापेक्षा कमरेला बांधलेला तो दगड मोठा वाटतो.

खरं किती, दंतकथा किती

आपण बुद्धिवादी धम्माचे लोक. तेव्हा हेही सांगितलं पाहिजे. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत इ.स. 1900 मध्ये हजारो जुन्या हस्तलिखितांनी भरलेली एक बंद खोली सापडली. त्यात मंचसूत्राची आज माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जुनी प्रतही निघाली. ती आणि नंतरच्या प्रती ताडून पाहिल्यावर कळलं, की काळ जाईल तसा ग्रंथ वाढत गेला. पद्याची चढाओढ जशी सांगतात तशी घडली नसावी, असं आजच्या अभ्यासकांचं मत आहे. हुइनेंग हे होंगरेन यांच्या दहा प्रमुख शिष्यांपैकी एक होते, एवढी नोंद जुन्या ग्रंथात मिळते. सम्राज्ञी वू हिनं इ.स. 701 च्या सुमारास राजधानीत बोलावून सन्मान केला तो शेनशिउ यांचा. हुइनेंग यांना सहावे आचार्य म्हणून उभं करण्याचं काम त्यांचा शिष्य शेनहुई यानं त्यांच्या पश्चात, इ.स. 730 नंतर, जाहीर वादविवाद करून केलं. त्यात शेनशिउंच्या बाजूवर थोडा अन्यायही झाला असेल.

तरी एक विचार करून पाहा. एका पंथाला आपला मूळ पुरुष रंगवायचा होता. त्यांना तो राजपुत्र दाखवता आला असता, महापंडित दाखवता आला असता. त्यांनी दाखवला सरपण विकणारा, भात कांडणारा, निरक्षर दक्षिणी माणूस. आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो मनापासून स्वीकारला. कथेतले तपशील मागेपुढे असतील, हा स्वीकार मात्र खोटा नाही.

परंपरा पुढे कशी पसरली

हुइनेंग यांच्याच परंपरेत चौथ्या पिढीला बाइझांग नावाचे आचार्य झाले. त्यांचं निधन इ.स. 814 चं. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, असा नियम त्यांनी पाळला, असं सांगतात. म्हातारपणी शिष्यांनी त्यांची अवजारं लपवून ठेवली, तर त्यांनी जेवायचंच सोडलं. शेवटी अवजारं परत द्यावी लागली. भिक्खूनं शेतात राबायचं, ही गोष्ट आपल्याकडच्या विनयाला नवी होती. पण तिनंच चान परंपरा वाचली. इ.स. 845 मध्ये सम्राट वूझोंग यानं बौद्धांवर घाला घातला. 4,600 विहार पाडले आणि अडीच लाखांवर भिक्खू-भिक्खूणींना संसारात परत पाठवलं, अशी नोंद आहे. राजाच्या दानावर आणि मोठ्या ग्रंथालयांवर अवलंबून असलेले पंथ मोडून पडले. डोंगरात स्वतःच्या हातानं कष्ट करून राहणारे चान भिक्खू टिकले.

कन्फ्युशियसच्या अनुयायांवरही या विचाराची छाप पडली. बाराव्या शतकातले मोठे पंडित झू शी यांनी बौद्धांवर टीका केली, पण मनाचा विचार करताना त्यांना चानशी झुंजावंच लागलं. पुढे वांग यांगमिंग (इ.स. 1472 ते 1529) यांनी तर सांगितलं, की बरं-वाईट ओळखण्याची शक्ती प्रत्येक माणसात उपजतच आहे. त्यांचे शिष्य वांग गेन मिठागरात राबणाऱ्या घरातले. त्यांच्या परंपरेत एक लाकूडतोड्या आणि एक कुंभारही नावाजले गेले. चानचा विचार कोरिया आणि व्हिएतनाममध्ये गेला आणि बाराव्या-तेराव्या शतकात एइसाई आणि दोगेन यांनी तो जपानमध्ये रुजवला. कोरियातला सर्वांत मोठा बौद्ध संघ स्वतःला जोग्ये म्हणवतो. जोग्ये म्हणजे त्साओशीचाच कोरियन उच्चार. हुइनेंग जिथे राहिले त्या जागेचं नाव एका देशाच्या संघाला मिळालं.

मग शिकायचं की नाही?

आता मूळ प्रश्नावर येतो. हुइनेंग यांची गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणणार, बघा, अक्षर नसतानाही माणूस आचार्य झाला, मग शाळा कशाला? यापासून सावध राहा. गरिबाला शाळेची गरज नाही म्हणणारे आपली पोरं मात्र चांगल्या शाळेत घालतात. बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह उगाच धरला नाही. आणि हुइनेंग यांच्याच गोष्टीत नीट पाहा. दाराशी कुणीतरी वाचत होता म्हणून त्यांच्या कानावर सूत्र पडलं. पोरानं म्हटलं म्हणून पद्य कळलं. कुणीतरी भिंतीवर लिहून दिलं म्हणून त्यांचं म्हणणं उरलं. फाहाईनं टिपून ठेवलं म्हणून आज तेराशे वर्षांनी मी, एक गिरणी कामगार, ते तुम्हाला सांगू शकतो. समजण्यासाठी अक्षर लागेलच असं नाही, पण समजलेलं दुसऱ्यापर्यंत आणि पुढच्या पिढीपर्यंत न्यायला अक्षर लागतं.

म्हणून आपल्या पोरा-पोरींनी शिकलंच पाहिजे, आणि शिकून विहारात येऊन वाचलं पाहिजे. आणि ज्यांना शिकायला मिळालं नाही, त्यांच्या समजुतीला कुणी कमी लेखता कामा नये. त्या आजींनी आयुष्यभर धुणीभांडी करून चार मुलं शिकवली. मन सरळ कसं ठेवावं, ते त्यांना कळत नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. येत्या वर्षावासात वाचनाची बैठक रांगांनी न मांडता गोल मांडावी. वाचणाऱ्यानंही त्या गोलातच बसावं. रोज एक पान झालं की थांबावं आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाला त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायला लावावं. सुरुवात आपल्या आजींपासून करावी. गोलाला पुढची रांग नसते, तेव्हा त्यांना नाही म्हणायला कारणही उरणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!